भातपट्ट्यातील परागवाहकांसाठी बारमाही फुलोरा : तंजावरच्या कावेरी खोऱ्याचा धडा

प्रस्तावना

तांबड्या भोपळ्याच्या वेलावर मादी फुले पुष्कळ लागतात, पण त्यांतील बरीचशी दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळतात. जी फळे टिकतात त्यांतील काही एका बाजूने खुरटलेली निघतात. असा वेल समोर आला की शेतकरी खताचे वा फवारणीचे औषध विचारतो आणि विस्तार कार्यकर्ताही बहुधा त्याच दिशेने उत्तर देतो. अन्नद्रव्यांची कमतरता किंवा फळमाशी ही कारणे असू शकतात, ती तपासलीच पाहिजेत. परंतु आणखी एक कारण तपासायचे राहून जाते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटते. त्या चार-पाच तासांत नर फुलावरील पराग मादी फुलापर्यंत नेणारा कीटक आला नाही, तर पुढे कोणतेही खत त्याची भरपाई करू शकत नाही.

कीटक का आला नाही, याचे उत्तर अनेकदा त्या दिवसात सापडत नाही. ते दोन-तीन महिने मागे, ज्या काळात शिवारात एकही उपयुक्त फूल नव्हते त्या काळात, दडलेले असते. मे महिन्यात उपासमारीने दुबळे झालेले मोहोळ जुलैतील वेलवर्गीय पिकांच्या कामाला पुरे पडत नाही. म्हणून परागवाहकांसाठी बाग करताना 'फुले किती' यापेक्षा 'कोणत्या महिन्यात फुले नाहीत' हा प्रश्न आधी विचारावा लागतो. दीर्घकाळ फुलणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींची निवड ही त्या रिकाम्या महिन्यांसाठी करायची असते. हे तत्त्व समजून घेण्यास तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

तंजावरच का?

तंजावर मराठी वाचकाला परके नाही. इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. मराठी बोलणारी कुटुंबे आजही त्या भागात आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ओळखले जाणारे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासाची आवड होती. त्यांच्या काळात निसर्गातील नमुन्यांची रंगीत चित्रे काढवून घेतली गेली.

शेतीच्या दृष्टीने तंजावर म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार. जिल्ह्यातील आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधनाचे काम चालू आहे. कालव्यांचे दाट जाळे, सपाट चिकण जमीन आणि नजर पोहोचेल तिथवर एकच पीक, हे या प्रदेशाचे वैभव आहे. मात्र मधमाशीच्या दृष्टीने पाहिले तर हेच वैभव अडचणीचे ठरते.

मधमाशीच्या नजरेतून कावेरी खोऱ्याचे वर्ष

मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. त्या पाण्यावर जून ते सप्टेंबर 'कुरुवै' भात घेतला जातो. ऑगस्ट ते जानेवारी 'सांबा', आणि कुरुवैनंतर घेतला तर सप्टेंबर-ऑक्टोबर ते फेब्रुवारी 'ताळडी' भात असतो. भात हे स्वपरागित पीक असून त्याच्या फुलात मध नसतो. एकेक फुलोरी कणी सकाळी उशिरा उघडते आणि साधारण तासाभरात मिटते, एका लोंबीचा फुलोरा आठवड्याभरात आटोपतो. मधमाश्या भाताचा पराग कधीकधी गोळा करतात, पण त्यावर वसाहत जगत नाही.

भात कापणीपूर्वी सात ते दहा दिवस आधी उभ्या पिकात उडीद किंवा मूग फेकून पेरण्याची पद्धत येथे रूढ आहे. जमिनीतील उरलेल्या ओलीवर ही कडधान्ये वाढतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. शिवारातील हा एकमेव मोठा फुलोरा म्हणता येईल, तोही काही आठवड्यांचा.

यावरून वर्षातील दोन पोकळ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पोकळी एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतची. कडधान्ये निघालेली असतात, कालवे कोरडे असतात, जमिनीला भेगा पडतात. करंज (तमिळ नाव पुंगम) व कडुनिंब (वेप्पम) यांचा बहर या काळाच्या आरंभी आधार देतो, परंतु तो ओसरल्यावर जूनपर्यंत फारसे काही उरत नाही.

दुसरी पोकळी ऑक्टोबर ते डिसेंबरची. तंजावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो. या दिवसांत माश्यांना उडण्यासाठी मोजकेच तास मिळतात आणि उघड्या फुलांतील मध पावसाने पातळ होतो. बांधही पाण्याने वेढलेले असतात.

या दोन्ही पोकळ्यांत वर्षभर साथ देणारे झाड म्हणजे माड. फळाला आलेल्या निरोगी माडाला साधारणपणे महिन्याला एक फुलोरा येतो, त्यामुळे माडबागेत पराग व मध बारमाही मिळतो. पण एकाच झाडावर विसंबण्याचा धोका १६ नोव्हेंबर २०१८ रोजी दिसून आला. त्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर आदळलेल्या 'गज' चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, पेरावूरणी व ओरत्तनाडू भागांतील माडबागा मोठ्या प्रमाणावर आडव्या केल्या. उंच जातीचा नवा माड फुलायला सहा-सात वर्षे लागतात. शेतकऱ्याचे उत्पन्न गेले ते सर्वांनी पाहिले, त्याच झाडांवरचा बारमाही फुलोराही गेला याची नोंद क्वचितच कोणी घेतली. झुडपे, वेली व जमिनीलगतच्या वनस्पती यांचा दुसरा थर असणे का आवश्यक आहे, हे यातून समजते.

कोणासाठी लागवड करायची?

'परागवाहक' हा एक गट नाही. आपल्याकडे सातेरी, आग्या, फुलोरी आणि डंख नसलेली पोया या सामूहिक वस्ती करणाऱ्या माश्या आहेत. याशिवाय लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे, निळ्या पट्ट्यांच्या माश्या आणि पाने कापणाऱ्या माश्या एकट्याने राहतात. वांगे व टोमॅटो यांचे परागकोश टोकाशी छिद्र असलेल्या नळीसारखे असतात. भुंगा व निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा पराग बाहेर पडतो. सातेरी माशीला हे जमत नाही. म्हणून मधपेटी ठेवली की सर्व पिकांचे परागीभवन झाले, असे समजणे चूक आहे.

अंतराचाही विचार हवा. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चारा शोधते, पोया माशी काहीशे मीटरच जाते. गावाच्या एका टोकाला केलेली सुंदर बाग दुसऱ्या टोकाच्या मळ्याला उपयोगी पडत नाही. लहान लहान ताटवे अनेक ठिकाणी असणे अधिक लाभदायक असते.

निवडीच्या चार कसोट्या

१. फुलात काही मिळते का? सदैव फुलणे आणि उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कण्हेर वर्षभर फुलते, हारासाठी तिला मागणीही असते, पण तिच्या फुलात मध जवळजवळ नसतो आणि पाला जनावरांना विषारी आहे. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीत व तगरीत, तसेच हारासाठी वाढवलेल्या भरगच्च झेंडूत पराग देणाऱ्या भागांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते किंवा तिथवर पोहोचणे कठीण होते. रोपवाटिकेतून घेताना एकेरी फुलाचा वाण मागून घ्यावा.

२. कीटकाची सोंड तिथवर पोहोचते का? सदाफुलीचे उदाहरण बोलके आहे. मराठीत सदाफुली आणि तमिळमध्ये नित्यकल्याणी, दोन्ही नावे तिच्या अखंड फुलण्याची साक्ष देतात. पण तिची पुष्पनलिका लांब व अरुंद असल्याने सातेरी माशीला तेथील मध सहसा मिळत नाही, तो फुलपाखरे व पतंग यांच्यासाठी असतो. पेंडगुळ (इक्झोरा) व बोगनवेल यांचीही स्थिती जवळपास अशीच आहे. मोगऱ्याचे आणखी वेगळे आहे. त्याची फुले रात्री उमलतात, आणि बाजारासाठी तो कळीतच तोडला जातो, त्यामुळे एकरभर मोगरा असूनही माशीच्या वाट्याला काही येत नाही. ही झाडे लावू नयेत असे नाही, मात्र मधमाशीच्या हिशेबात ती धरू नयेत.

३. पोकळीच्या महिन्यांत ती फुलते का? फेब्रुवारीत दहा जातींची फुले आणि मेमध्ये एकही नाही, अशी बाग दिसायला संपन्न पण कामात अपुरी ठरते. कोणत्याही महिन्यात किमान तीन जाती फुललेल्या असाव्यात, हा ठोकताळा व्यवहारात उपयोगी पडतो.

४. तिच्यापासून उपद्रव होतो का? घाणेरी (टणटणी) जवळजवळ वर्षभर फुलते व फुलपाखरांना आवडते, पण ती आक्रमकपणे पसरते आणि गुरांना विषारी आहे. शोभेसाठी विकली जाणारी, पिवळ्या फुलांची, तीन खंडी पानांची परदेशी वेडेलियाही ओलसर जागा व्यापून टाकते. तिला कालव्याच्या काठी कधीही लावू नये. पिकांवरील किडींना आश्रय मिळतो का, हेही पाहावे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तामिळनाडूत कोइमतूर येथे नोंदला गेला, तेव्हा पपईप्रमाणे जास्वंदीवरही तो आढळत असे. म्हणून पपई, भेंडी वा कपाशी यांच्या लगत जास्वंदीचे कुंपण करू नये.

शिफारसयोग्य वनस्पती

जमिनीलगतचा थर : जलपिंपळी (फायला नोडिफ्लोरा, तमिळ पोडुदलै) ही ओल्या बांधावर पसरणारी देशी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिची बारीक फुले जवळजवळ वर्षभर येतात, फुलोरी व पोया माश्या तसेच लहान फुलपाखरे तिच्यावर असतात आणि पसरलेल्या मुळांमुळे बांधाची माती धरून राहते. पिवळा भृंगराज (तमिळ मंजळ करिसलांकण्णी) हा परदेशी वेडेलियाचा देशी पर्याय ओलसर जागेत दीर्घकाळ फुलतो. एकदांडी ही मुद्दाम लावण्याची गरज नाही, ती बांधावर आपोआप येते. बांध खरडताना सगळा एकदम न खरडता निम्मा राखला तरी बाराही महिने काही फुले मिळत राहतात.

कोरडा थर : चिनी गुलाब (पोर्चुलाका) एकेरी फुलांचा घ्यावा. त्याचे फूल ऊन चढले की उमलते व दुपारी मिटते, आणि त्यातून पराग विपुल मिळतो. ढगाळ दिवशी ते नीट उमलत नाही. म्हणून हे झाड उन्हाळी पोकळीसाठी उत्तम, पावसाळी पोकळीसाठी निरुपयोगी. टर्नेरा ही सकाळी उमलणारी, पिवळ्या वा फिकट फुलांची झुडपी जात कमी पाण्यावरही रोज फुले देते.

झुडपांचा थर : तुळस सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या मंजिऱ्यांवर सातेरी, फुलोरी व पोया या तिन्ही माश्या येतात. झाड टिकावे म्हणून मंजिऱ्या खुडण्याची आपली रीत योग्यच आहे, पण एका वेळी निम्म्या झाडांच्याच खुडाव्यात. रुई (तमिळ एरुक्कु) पडीक जागेत विनापाण्याने वाढते, वर्षातील बहुतेक काळ फुलते आणि मोठ्या काळ्या भुंग्यांना पोसते. हाच भुंगा पुढे वांग्याच्या व शेवग्याच्या फुलांवर काम करतो. महाराष्ट्रात रुईची माळ मारुतीला वाहतात, तमिळ घरांत तिची फुले गणपतीला वाहतात, त्यामुळे हे झाड राखण्यास कोणी हरकत घेत नाही. तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने मुलांच्या वावराच्या जागी मात्र ती नसावी. अडुळसा कुंपणाला चांगला, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि पावसानंतर येणारा त्याचा बहर भुंग्यांना उपयोगी पडतो. फुलपाखरे व शिंजीर पक्ष्यांसाठी हमेलिया लावावे.

वेल : आईसक्रीम वेल (अँटिगोनॉन) हा मूळचा मेक्सिकोचा. त्याचे गुलाबी घोस वर्षातील बहुतेक महिने येतात, आणि पावसाळी पोकळीत सातेरी व पोया माश्यांची त्यावर झुंबड असते. मात्र जमिनीतील कंदांमुळे तो मोकळा सुटल्यास आवरत नाही. घराच्या मांडवावर किंवा विहिरीच्या कठड्याशी, नजरेसमोरच त्याला जागा द्यावी.

वरचा थर : शेवगा, हादगा, करंज व कडुनिंब. बहुवर्षायू शेवग्याला वर्षात दोन बहर येतात. हादगा या भागात पानवेलीच्या आधारासाठी लावतातच.

मांडणी व निगा

एकेक रोप विखरून लावू नये. एका जातीची रोपे किमान एक चौरस मीटरच्या गटात असावीत, कारण माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. चिकण जमिनीत तुळस व चिनी गुलाब वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावेत, अन्यथा ईशान्य मोसमी पावसात मुळे कुजतात. जलपिंपळी व पिवळा भृंगराज यांना बांधाचा खालचा ओला उतार द्यावा.

उन्हाळ्यात कालव्याला पाणी नसते, म्हणून उन्हाळी पोकळीची झाडे न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या वाटेवर किंवा हातपंपाजवळ असावीत. तेथेच पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. खड्यांमुळे माशी न बुडता पाणी पिऊ शकते.

छाटणी दोन हप्त्यांत करावी. निम्मी झुडपे आज, उरलेली चार-पाच आठवड्यांनी. असे केल्यास छाटलेला भाग पुन्हा फुलेपर्यंत दुसरा भाग फुललेला राहतो.

एकट्या राहणाऱ्या माश्यांना फुलांइतकीच घरट्याची गरज असते. वाळलेले लाकूड व बांबूचे जुने तुकडे भुंग्यांसाठी, मातीची जुनी भिंत वा न नांगरलेला उंच कोपरा निळ्या पट्ट्यांच्या माश्यांसाठी राखून ठेवावा.

फवारणीशी जुळवणी

भातावर सकाळी कीटकनाशक फवारले आणि बांधावर फुले असली, तर तो फुलोरा परागवाहकांसाठी सापळा ठरतो. फवारणी अपरिहार्य असेल तेव्हा माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी, वाऱ्याची दिशा पाहावी आणि फुललेल्या बांधाला लागून असलेला पट्टा सोडावा.

बांधावरील फुलांचा लाभ भातालाही होतो. खोडकिडा व तुडतुडे यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांना प्रौढावस्थेत मध लागतो. चीन, थायलंड व व्हिएतनाम येथे भातखाचरांभोवती मध देणारी फुलझाडे लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कीटकनाशकांच्या फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या, उत्पादन ५ टक्क्यांनी वाढले आणि आर्थिक लाभ ७.५ टक्के दिसून आला. म्हणून बांधावरचा ताटवा ही भाताच्या जमिनीची नासाडी आहे, हा आक्षेप टिकत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : पाच मिनिटांची पाहणी

पुस्तकातील यादीपेक्षा गावातील नोंद अधिक विश्वासार्ह असते. पुढील पाहणी शाळेतील मुलेही करू शकतात.

• फुललेल्या झाडासमोर एक चौरस मीटर भाग निश्चित करावा.
• सकाळी सात, दहा व दुपारी चार वाजता प्रत्येकी पाच मिनिटे निरीक्षण करावे.
• आलेल्या कीटकांची नोंद चार रकान्यांत करावी : वसाहतीत राहणाऱ्या माश्या, भुंगे व एकट्या माश्या, फुलपाखरे, इतर.
• माशीच्या मागील पायांवर परागाच्या गोळ्या दिसतात का, ते लिहावे.
• दर पंधरवड्याला हीच पाहणी करून वर्षअखेर महिनावार तक्ता तयार करावा.

ज्या महिन्याचा रकाना रिकामा राहील, पुढील लागवड त्या महिन्यासाठी करावी. इतर महिन्यांत नवी झाडे वाढवून फारसे साधत नाही.

महाराष्ट्रातील भातपट्ट्यासाठी

तंजावरची यादी जशीच्या तशी उचलू नये, कारण आपले पावसाचे महिने वेगळे आहेत. भंडारा-गोंदियाकडे उभ्या भातात लाखोळी टाकतात, कोकणात भातानंतर वाल घेतात. ही पद्धत तंजावरच्या उडदाशी मिळतीजुळती आहे, आणि त्या पिकांनंतर येणारी उन्हाळी पोकळीही तशीच आहे. पावसाळी पोकळी मात्र आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येते. तेव्हा चिनी गुलाबासारखी ऊन मागणारी झाडे उन्हाळ्यासाठी, आणि लोंबत्या घोसांची वा मांडवाखाली आडोसा मिळणारी झाडे जुलै-ऑगस्टसाठी, अशी विभागणी करावी. जलपिंपळी, तुळस, रुई, अडुळसा व शेवगा ही पाचही झाडे दोन्हीकडे परिचित आहेत, त्यामुळे आरंभ त्यांच्यापासून करणे सोपे जाते.

समारोप

वेलावरची फुले गळू लागली की उपाय शोधण्यास उशीर झालेला असतो. उपाय त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, सांडपाण्याच्या वाटेवर तग धरून राहिलेल्या चार झुडपांत असतो. शेतकऱ्याने आपल्या शिवाराचे बारा महिने कागदावर मांडावेत, रिकामे महिने ओळखावेत आणि या वर्षी त्यांतील एका महिन्यासाठी तीन जाती लावाव्यात. कार्यकर्त्याने पुढील भेटीत तो कागद आवर्जून पाहावा. खताच्या मात्रेची जशी आपण चौकशी करतो, तशीच 'मे महिन्यात तुमच्याकडे काय फुललेले असते?' अशी चौकशी गावोगावी होऊ लागली, तर परागीभवनाअभावी होणारे नुकसान बऱ्याच अंशी टळेल.